दसऱ्याचा ताप, संक्रांतीची केसगळती

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात मांडते. वय २९, घर इंदूरच्या सुदामा नगरला. दसऱ्याच्या सुमारास डेंग्यू झाला, पाच दिवस १०३ ताप, पण भरती व्हावं लागलं नाही. संक्रांतीपासून केस मूठमूठ जातायत, मोरीची जाळी तुंबते. सासूबाई म्हणतात बोरिंगचं पाणी बाधलं, पार्लरवाली केराटिन (केस सरळ करणारा लेप) करून घ्या म्हणते, एका क्लिनिकने पीआरपीच्या, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटचा भाग काढून टाळूत टोचण्याच्या, सहा बैठकांचं पॅकेज हातात दिलंय, मैत्रिणीने बायोटिन (एक बी-जीवनसत्त्व) सुरू करायला लावलंय. आणि अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिलंय: ‘मुलाच्या (वय ६) डोक्यावरही रुपयाएवढी चाई पडलीय, थोडी खाजते, कोंड्यासारखं निघतं. आजी लसूण चोळतात. चालेल ना?’

मी इंदूरच्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये २७ वर्षं तंत्रज्ञ म्हणून काम केलं. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाची मात्रा सांगणार नाही. पण एवढं ठामपणे सांगते की तुमच्या काळजीचा क्रम उलटा झालाय. तुमच्या केसांना वेळ आहे. मुलाच्या डोक्याला नाही. त्याला उद्याच त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. खाजगी परवडत नसेल तर सरकारी एम. वाय. हॉस्पिटलच्या त्वचा विभागाच्या ओपीडीत सकाळी लवकर जाऊन नंबर लावा. कारण खाली लिहिते, पण आधी तुमचं, म्हणजे मन थोडं हलकं होईल.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस स्वतःच्या वेगळ्या घड्याळावर चालतो. दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ आवरती घेतो, मग दोन-तीन महिने नुसता मुळाशी अडकून बसतो आणि शेवटी गळतो. तोवर त्याच खड्ड्यात खालून नवा केस तयार होत असतो. कोणत्याही वेळी शंभरातले दहा-पंधरा केस या विसाव्यात असतात. हिशेब करून बघा: एक लाखाचे दहा टक्के म्हणजे दहा हजार, ते सुमारे शंभर दिवसांत गळायचे, म्हणजे रोजचे शंभर. पन्नास ते शंभर केस गळणं नेहमीचंच असं डॉक्टर म्हणतात ते यातूनच. आणि तुम्ही आठवड्यातून दोनदा डोक्यावरून न्हाता, मधल्या दिवसांत वेणी सोडतही नाही. मग तीन-चार दिवसांचे केस एकाच न्हाण्यात मोरीत जमा होतात. निरोगी डोक्याचेही त्या दिवशी दोन-अडीचशे दिसतील.

आता डेंग्यू. शरीराला मोठा धक्का बसला, मग तो कडक ताप असो, टायफॉइड, ऑपरेशन, बाळंतपण किंवा उपाशी राहून केलेलं डाएट, की वाढीच्या अवस्थेतले बरेचसे केस एकदम विसाव्यात जातात. दहाचे तीस टक्के झाले तर रोजचे शंभर तीनशेवर जातात. पण ते त्याच दिवशी गळत नाहीत. विसाव्याचे दोन-तीन महिने पुरे करूनच गळतात. म्हणजे संक्रांतीला मोरीत दिसलेल्या केसांचा निर्णय दसऱ्यालाच झाला होता. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. माणूस नेमका इथेच चकतो. गळती सुरू झाल्यावर तो गेल्या आठवड्याचा शाम्पू, गेल्या महिन्याचं तेल, बदललेलं पाणी शोधत बसतो. तीन महिने मागे जाऊन कॅलेंडर कुणी बघत नाही.

माझी लेक झाली तेव्हा माझेही असेच गेले होते. आमच्या आजेसासूबाई म्हणायच्या, ‘बाळ हसायला लागलं की आईचे केस गळतात.’ मी तेव्हा चिडायचे. पुढे लक्षात आलं की त्यांचं निरीक्षण तंतोतंत होतं. बाळ खुदकन हसायला लागतं ते दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर, आणि बाळंतपणानंतरची गळती सुरू होते तीही त्याच सुमारास. कारण चुकीचं होतं, वेळ अचूक होती.

खात्री करायची तर घरी एक गोष्ट करा. गळालेले दहा-बारा केस काळ्या कापडावर ठेवा आणि खिडकीतल्या उन्हात टोकं बघा. एका टोकाला खसखशीच्या दाण्याहूनही बारीक, पांढरी, कोरडी गाठ दिसेल. सूक्ष्मदर्शकाखाली ती गदेसारखी दिसते. ती गाठ म्हणजे ‘मूळ उपटलं’ असं सगळ्यांना वाटतं आणि जीव धसकतो. तसं नाही. ते विसावा संपवून बाहेर पडलेल्या केसाचं नेहमीचं टोक आहे. ज्या खड्ड्यातून केस उगवतो तो जागेवरच असतो. याउलट दोन्ही टोकं नुसतीच तुटकी असतील, गाठ कुठेच नसेल, तर केस गळत नाहीयत, मधून तुटतायत. मग दोष कंगव्याचा, रंगाचा किंवा इस्त्रीचा.

हा फरक कळला की पार्लरच्या सल्ल्याचा निकाल लागतो. केसाचा जिवंत भाग फक्त टाळूच्या आत असतो: तळाशी एक फुगीर कंद, त्यात रक्तवाहिन्यांनी पोसलेली कळी, तिच्याभोवती झपाट्याने वाढणाऱ्या पेशी. त्या पेशी वर सरकतात, केराटिन नावाच्या प्रथिनाने भरतात आणि मरतात. बाहेर येतो तो केस निर्जीवच असतो. बाहेरून कौलांसारखे एकमेकांवर चढलेले खवले, आत मुख्य गाभा, आणि जाड केसांत मधोमध एक पोकळसर नळी. पार्लरमधलं केराटिन या मेलेल्या भागावरचा लेप आहे. मुळाला त्याचा पत्ताही लागत नाही. शिवाय केस सरळ करण्याच्या काही रसायनांतून फॉर्मल्डिहाइड निघतं. काहींत त्याऐवजी ग्लायऑक्झिलिक आम्ल असतं, आणि त्याने मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत आली आहेत. गळती चालू असताना तर हे नकोच.

पाण्याबद्दल सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. बोरिंगचं पाणी जड असतं, त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा थर केसांवर बसतो, साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात आणि जास्त गुंततात. पण मुळाची अवस्था पाणी बदलत नाही. १९७८ मध्ये नर्मदेकाठच्या जलूदहून नर्मदेचं पाणी इंदूरला आलं, त्याच्या आधीही या गावात बायकांच्या वेण्या गुडघ्यापर्यंत होत्याच. नर्मदेचा नळ एक दिवसाआड येत असेल तर शेवटचे दोन तांबे त्या पाण्याचे घ्या. केस मऊ राहतील, इतकंच.

तेल सोडू नका, पण त्याच्याकडून भलती अपेक्षाही नको. २००३ मध्ये रेळे आणि मोहिले या भारतीय संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केसांतलं प्रथिन कमी झिजतं ते फक्त खोबरेलाने, असं त्यांना दिसलं. खोबरेलातलं लॉरिक आम्ल गाभ्यात शिरतं. ते दोघं खोबरेल विकणाऱ्या कंपनीत काम करत होते हेही सांगायला हवं, पण निष्कर्ष मला पटतो. म्हणजे तेल केसाला जपतं, नवा केस उगवून देत नाही. न्हाण्याआधी तासभर लांबीवर लावा. टाळूवर कोंडा असेल तर रात्रभर तेल थापून झोपू नका. कोंड्यामागे मॅलासेझिया नावाची बुरशी असते, ती टाळूच्या तेलावरच जगते. त्यासाठी केटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, आणि लावल्या लावल्या धुवायचा नाही. तीन ते पाच मिनिटं डोक्यावर राहू द्यायचा. बहुतेक लोक इथेच चुकतात आणि ‘फरक पडला नाही’ म्हणतात.

पीआरपीचं पॅकेज घेऊ नका. जी गळती सहसा सहा महिन्यांत आपोआप थांबते, तिच्यावर सहा बैठका केल्या तर श्रेय बैठकांना मिळणारच. त्या पैशांत तीन तपासण्या करा: हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी). आपल्याकडच्या बायकांत लोह कमी असणं इतकं सर्रास आहे की ताप हे कारण उघड दिसत असलं तरी हे बघायलाच हवं. हिमोग्लोबिन ठीक येऊनही लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तळाला गेलेलं असू शकतं.

आणि तपासणीआधी बायोटिन बंद करा. हे मला अगदी पोटतिडकीने सांगायचंय. थायरॉइडच्या बऱ्याच चाचण्यांच्या रसायनांतच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त झालं तर टीएसएच खोटं कमी आणि टी-४, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक, खोटं जास्त येतं. कागदावर थायरॉइड वाढल्याचं चित्र दिसतं आणि माणूस ठणठणीत असतो. आमच्याकडे अशी एक बाई तीनदा रक्त देऊन गेली, तिन्ही रिपोर्ट तसेच, थायरॉइडच्या गोळ्याही सुरू झालेल्या. चौथ्यांदा सुई टोचताना मी सहज विचारलं, ‘केसांसाठी काही घेता का?’ पर्समधून बायोटिनची बाटली निघाली. आठवडाभर बंद करून पुन्हा तपासलं, सगळं सरळ. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता, पण केसांसाठी गोळी घेणाऱ्यापर्यंत तो पोचत नाही. शिवाय बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित असते. ती नसेल तर गोळीने काही होत नाही.

केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतात. एप्रिलच्या सुमारास कपाळाच्या कडेला दोन-तीन सेंटीमीटर उंचीचे, उभे राहणारे, विंचरले तरी न बसणारे केस दिसू लागतील. तेच नवे. वेणी पहिल्यासारखी जाड व्हायला मात्र दीड-दोन वर्षं जातील. तोवर घट्ट अंबाडा टाळा, रोजच्या ताणाने कानशिलांवरचे केस कायमचे जाऊ शकतात. सहा महिन्यांनीही गळती चालू असेल, किंवा भांग रुंद होत असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जा. ती गोष्ट वेगळी. त्यात खड्डे दर फेरीला लहान होतात, केस बारीक होत जातात. त्यावर मिनोक्सिडिल लावतात, पण गर्भारपणात किंवा त्याचा विचार असताना ते स्वतःच्या मनाने सुरू करायचं औषध नाही.

आता मुलगा.

चाई म्हणजे अ‍ॅलोपेशिया अरिआटा. शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून केसांच्या मुळांवर चालून जाते. त्यात चट्टा कसा असतो? गुळगुळीत, लोण्यासारखा. खाज नाहीच म्हणा, पापुद्रे नाहीत. कडेला कधीकधी उद्गारचिन्हासारखे, वर जाड आणि मुळाशी निमुळते केस. तुम्ही लिहिलंय, ‘खाजते, कोंड्यासारखं निघतं.’ हे वर्णन चाईचं नाही. ते डोक्यातल्या गजकर्णाचं असण्याची शक्यता जास्त, म्हणजे टिनिया कॅपिटिस, आणि लहान मुलांतच ते अधिक होतं. चट्ट्यावर टॉर्च धरून बघा. टाळूला लागूनच तुटलेले केस काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात का? मानेच्या मागे बोट फिरवून बघा, गाठ लागते का? घरात किंवा जिन्यात मांजराची पिल्लं आहेत का? डॉक्टर हेच विचारतील.

लॅबमध्ये हे बघायचं काम माझंच असायचं. चार तुटके केस आणि थोडे पापुद्रे काचेवर घ्यायचे, त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, वर काच, आणि केराटिन विरघळेपर्यंत थांबायचं. मग केस हळूहळू पारदर्शक होतो आणि आत साबुदाणा ठासून भरावा तसे बुरशीचे गोल बीजाणू दिसू लागतात, एकाला एक चिकटून. केस आतून पोखरलेला असतो, म्हणून टाळूशी तुटतो. हे एकदा बघितलं की वरून लावलेलं मलम का पुरत नाही ते कळतं. बुरशी केसाच्या आत आणि खड्ड्यात आहे, मलम पोचतं कातडीवर. पोटातून गोळ्याच घ्याव्या लागतात, ग्रिसिओफुल्विन किंवा टर्बिनाफिन, वजन बघून, कित्येक आठवडे. ग्रिसिओफुल्विन दिलं तर दूध किंवा तुपाच्या जेवणासोबत द्या, जास्त शोषलं जातं. केस दिसू लागले म्हणून मधेच सोडायचं नाही.

लसूण आजच बंद करा. सासूबाईंना दुखवायचं नाही हे कळतं. त्यांना सांगा की लसणाने कातडी भाजते आणि भाजलेल्या जागेवर तपासणी नीट होत नाही. कुणी गुंज उगाळून लावायला सांगितली तर तीही नको. तिचं बी विषारी असतं आणि घरात सहा वर्षांचं मूल आहे.

उशीर झाला तर काय होतं ते मी एकाच मुलात बघितलं, पण विसरले नाही. महिनाभर घरचे उपाय झाले होते. चट्टा सुजून मऊ, फोडासारखा झाला, पू येऊ लागला. कुणीतरी गळू समजून चिरा दिला. ते गळू नव्हतं, बुरशीवर शरीराने दिलेली तीव्र प्रतिक्रिया होती. त्याला केरिऑन म्हणतात आणि तो चिरायचा नसतो. आमच्याकडे नमुना आला तोवर उशीर झाला होता. बुरशी गेली, पण तिथे व्रण राहिला, आणि व्रणात केस उगवत नाहीत. तुमचे गळालेले सगळे केस परत येणार आहेत. त्या मुलाच्या डोक्यावरची ती जागा आजही मोकळी आहे.

उद्या नेताना त्याच्या डोक्याला तेल, मलम काहीही लावू नका, नमुना स्वच्छ मिळायला हवा. टक्कल करून नेऊ नका, केसच तपासायचे आहेत. त्याचा कंगवा, टोपी आणि उशीचा अभ्रा आजपासून वेगळा ठेवा, आणि घरातल्या बाकीच्या मुलांची डोकीही उजेडात एकदा बघून घ्या. तपासणीचा कागद मिळाला की त्यावर काय लिहिलंय ते इथे सांगा.