बरबरीला रंग का येत नाही?

प्रश्न : इराणी बरबरी (यीस्ट घातलेली लांबट, जाडसर रोटी) घरच्या ओव्हनमध्ये केली. वरून पांढरीफटक राहिली आणि मधे टम्म फुगली. मांड्यांच्या खापरावर जमेल का? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : खापरावर लवाश ही पातळ इराणी रोटी जमेल. बरबरीला वरूनही आच लागते, तेव्हा ओव्हनच बरा.

रंग येतो तो 'रोमाल'मुळे, म्हणजे भाजण्याआधी वरून लावायच्या लेपामुळे, आणि नेमकं तेच बरेच जण गाळतात. दोन चहाचे चमचे मैदा, पाव चमचा खाण्याचा सोडा आणि १०० मिली पाणी गुठळ्या मोडून मंद आचेवर खळीइतकं दाट करा. गार झाल्यावरच लावा. सोड्यामुळे वरचा थर लवकर तांबूस होतो, पण जास्त पडला तर साबणासारखी चव येते.

मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३४० मिली, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम : एवढ्यात दोन होतात. खानदेशी उन्हाळ्यात यीस्ट निम्मं आणि पाणी माठातलं घ्या, नाहीतर पीठ भराभर आंबून चिकट होतं. दुप्पट फुगल्यावर बटर पेपरवर लांबट थापा, रोमाल लावा, बोटांनी लांबीभर चार-पाच चर थेट तळापर्यंत दाबा. तुमचे चर उथळ राहिले असणार, म्हणून ती फुगली. वर तीळ, कलौंजी. २४० अंशांवर अर्धा तास तापवलेल्या पालथ्या ट्रेवर १२ ते १५ मिनिटं भाजा.