शॉकमधल्या रुग्णाला नळीतून अन्न कधी?

प्रश्न : वडील (वय ६८, वजन ६० किलो) लेप्टोमुळे (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग) परळला आयसीयूत आहेत. व्हेंटिलेटर लावलाय, बीपी टिकवायला नॉरअ‍ॅड्रेनालिन चालू आहे. राईल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) घातली आहे, पण कालपासून तिच्यातून काहीच दिलेलं नाही. आई म्हणते, उपाशी माणूस बरा कसा होणार? घरून मुगाचं कढण किंवा शहाळ्याचं पाणी दिलं तर चालेल का? – एक वाचक, लालबाग

उत्तर : आईंची घालमेल समजते. पण कढण नको आणि शहाळंही नको. डॉक्टर थांबलेत तेही उपचार म्हणूनच.

शॉकमध्ये, म्हणजे बीपी कोसळून अवयवांना पुरेसं रक्त पोचत नाही तेव्हा, शरीर मेंदू-हृदयाकडे रक्त वळवतं आणि आतड्यांचं तोडतं. नॉरअ‍ॅड्रेनालिन रक्तवाहिन्या आवळून बीपी वर आणतं; डोस मोठा असला की आतड्यांच्या वाहिन्याही आवळतात. अशा आतड्यात अन्न पडलं की पचनासाठी जादा ऑक्सिजन लागतो, आणि तोच पोचत नाही. क्वचित आतड्याचा भाग काळा पडून मरतो. हे फार थोड्यांना होतं, पण झालं तर जिवावर बेततं.

फ्रान्समधल्या ‘न्यूट्रिरिया-२’ या २०१८ च्या अभ्यासात व्हेंटिलेटरवरचे, शॉकमधले २,४१० रुग्ण होते. निम्म्यांना लगेच नळीतून, निम्म्यांना शिरेतून पोषण दिलं. मृत्यूंत फरक पडला नाही. मात्र आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याचे रुग्ण नळीच्या गटात १९ निघाले, शिरेच्या गटात ५. म्हणून शिरेतून भरपूर द्या असाही अर्थ नाही. २०२३ च्या पुढच्या अभ्यासात पहिला आठवडा किलोमागे रोज ६ कॅलरीच मिळालेले रुग्ण, २५ मिळालेल्यांपेक्षा आयसीयूतून लवकर बाहेर पडण्याजोगे झाले. पहिले काही दिवस कमी खाणं गेलं म्हणून घाबरू नका.

सुरुवात कधी? मीन प्रेशर (सरासरी बीपी) ६५ च्या आसपास टिकलं, नॉरअ‍ॅड्रेनालिन वाढवावं लागत नाही किंवा उतरतंय, लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) खाली येतंय, की पंपावर तासाला १० ते २० मिली फीड (नळीतून द्यायचं पातळ अन्न) लावतात. एक कॅलरी प्रतिमिली धरली तर २० मिलीने दिवसाला ४८० कॅलरी होतात. वडिलांचं पूर्ण लक्ष्य साधारण १,५०० असेल, तिथे काही दिवसांत हळूहळू जायचं. नॉरअ‍ॅड्रेनालिनचा डोस किलोमागे मिनिटाला ०.३ ते ०.५ मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर बरेच डॉक्टर थांबतात. आमच्या मते हेच शहाणपणाचं. आकड्याइतकंच तो चढतोय की उतरतोय, हेही बघावं.

गुंगीतला रुग्ण पोट दुखतंय हे सांगू शकत नाही. त्यामुळे सिस्टर पोट चाचपतात. पोट फुगून घट्ट झालं, उलटी झाली, सहा तासांत जठरातून नळीवाटे ५०० मिलीपेक्षा जास्त मागे आलं किंवा लॅक्टेट पुन्हा चढलं, तर फीड थांबवून आधी आतड्याची तपासणी. फीड चालू असताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच हवी, आणि पहिल्या फीडआधी नळी जठरात आहे याची एक्स-रेने खात्री.

कढणाने बारीक नळी तुंबते, त्यात जंतूंचीही भीती. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. लेप्टोत किडनी बिघडली असेल तर ते हृदयाला धोक्याचं. भेटीच्या वेळी स्वतःहून नळीत पाणीसुद्धा सोडू नका.

उद्याच्या राउंडला डॉक्टरांना विचारा : नॉरअ‍ॅड्रेनालिन कालपेक्षा कमी आहे का, लॅक्टेट किती, पोट मऊ आहे का, फीड आज लावणार का? फीड सुरू झालं की फॉस्फेट, पोटॅशियम रोज तपासताहेत ना, हेही विचारा; उपासानंतर अन्न सुरू झालं की रक्तातले हे क्षार घसरू शकतात.