कोलोंबो: सगळेच कोलंबसाचे नव्हेत

प्रश्न असा आला आहे: श्रीलंकेच्या कोलंबोला कोलंबसाचं नाव दिलंय का, आणि इटलीतले कोलंबो आडनावाचे नामवंत त्याचेच वंशज का?

शहराचं आधी उरकतो. नाही, नाही आणि नाही! ही थाप प्रश्नमंजूषांमध्ये ऐकून कान किटले. इब्न बतूता १३४४ मध्ये लंकेत होता आणि त्याने 'कलंबू' हे नाव लिहून ठेवलं आहे. कोलंबस जन्मला १४५१च्या सुमारास. जन्माला न आलेल्या माणसाचं नाव गावाला कोण ठेवणार? पोर्तुगीज १५०५ मध्ये आले आणि त्यांनी मूळ नाव आपल्या वळणाने लिहिलं, एवढंच. घोटाळा टाळायचा तर शहर 'कोलंबो' आणि आडनाव 'कोलोंबो' लिहावं. इटालियन उच्चाराच्याही ते जवळ जातं.

वंशजांचीही तीच गत. कोलंबसाचं इटालियन आडनाव कोलोंबोच, पण त्याचा वंश स्पेनमध्ये 'कोलोन' या नावाने चालला आणि व्हेराग्वाचे ड्यूक हा किताब आजही त्यांच्याकडे आहे. इटलीतल्या कोलोंबोंचा त्याच्याशी नात्याचा संबंध मानायला आधार नाही. रेआल्दो कोलोंबो घ्या: आधुनिक शरीररचनाशास्त्राचा पाया घालणाऱ्या व्हेसालियसनंतर इटलीतल्या पादुआ विद्यापीठात शरीररचना शिकवणारा, रक्त हृदयातून फुप्फुसात जाऊन परत येतं हे त्याने १५५९ मध्ये छापून सांगितलं. त्याच पादुआचे चार शतकांनंतरचे गणिती ज्युसेप्पे ऊर्फ बेपी कोलोंबो. बुध सूर्याभोवती दोन फेऱ्या मारतो तेवढ्यात स्वतःभोवती तीन, याचा उलगडा त्यांचा. २०१८ मध्ये बुधाकडे निघालेल्या 'बेपीकोलोंबो' यानाला त्यांचंच नाव आहे. फेरारीचं पहिलं बारा सिलिंडरचं इंजिन आखणारे ज्योआकिनो कोलोंबो मिलानजवळच्या लेन्यानोचे, तर १९७० ते ७२ इटलीचे पंतप्रधान असलेले एमिलिओ कोलोंबो थेट दक्षिणेतल्या पोतेन्झाचे.

कोलोंबो म्हणजे कबुतर, लॅटिन 'कोलुंबुस'. आपल्याकडे पारवे, राजहंस, घारे आहेतच, तेव्हा यात नवल नाही. आडनावांच्या कोशांत मात्र ठरावीक उत्तर असतं: पूर्वज कबुतरं पाळत असावा, किंवा स्वभावाने गरीब असावा. हे मला मुळीच पटत नाही. लोंबार्दी प्रांतात हे आडनाव इतकं का दाटलंय, याचं उत्तर त्यातून मिळतच नाही. तिथे काय घरटी खुराडी होती?

याचं उत्तर लोंबार्दीची राजधानी मिलान इथे आहे. मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्त्सा याने १४५६ मध्ये तिथे मोठं रुग्णालय उभारलं. लोक त्याला 'का ग्रांदा', म्हणजे मोठं घर, म्हणत. आज तिथे मिलान विद्यापीठ आहे. या रुग्णालयाचं चिन्ह कबुतर. टाकून दिलेली बाळं त्याच्या आश्रयाला येत आणि आईबापांचं नाव नसलेल्या त्या मुलांना चिन्हावरून आडनाव मिळे: कोलोंबो. ही प्रथा १८२५ पर्यंत चालली. पिढ्यान् पिढ्या एकाच दारातून हे एकच आडनाव बाहेर पडत राहिलं. प्रांतभर ते पसरण्याचं याहून सरळ कारण मला कोणी दाखवावं.

हा एकट्या मिलानचा प्रकारही नव्हे. नेपल्समध्ये अशा मुलांना 'एस्पोझितो', म्हणजे उघड्यावर ठेवलेला, म्हणत. फ्लॉरेन्सच्या अनाथालयाच्या नावावरून 'इन्नोचेंती', म्हणजे निष्पाप, आलं. नेपल्सच्या नावात मुलाचं टाकलं जाणं जन्मभर कपाळावर चिकटतं. त्या मानाने मिलानने दिलेलं नाव मला फार मायेचं वाटतं. ज्या घराने वाढवलं त्याच्या पाखराचं नाव मुलाला मिळालं.

आता कोणी म्हणेल, मग कोलंबसही तसाच का? नाही. तो जेनोवाच्या दोमेनिको नावाच्या लोकर विणणाऱ्याचा मुलगा. आडनाव बापाकडून आलेलं, आणि का ग्रांदाचा पाया घातला गेला तेव्हा हा पोरगा पाचेक वर्षांचा होता. रुग्णालयाआधीच्या अशा कोलोंबोंबाबत 'कोलुंबुस' हे जुनं ख्रिस्ती व्यक्तिनाव मूळ धरावं, खुराडं नव्हे. कोलंबसाच्या मुलाने, एर्नान्दोने, बापाच्या चरित्रात नावाचा संबंध पवित्र आत्म्याच्या कबुतराशी लावला आहे. ती पुत्राची भक्ती आहे. व्युत्पत्ती म्हणून तिचा दाखला देणं थांबवावं.