सिगारला नावं ठेवण्याआधी मीटर तपासा

पावसाळा लागल्यापासून माइल्ड सिगार तीन-तीनदा विझते, अर्ध्यावर जीभ कडू होते, म्हणजे स्वस्तातला माल असाच, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात कालवलं. इथे नाशकातच मी सलग दोन पावसाळे हेच समजून चांगल्या सिगारी फेकल्या.

कापणं-पेटवणं तुम्हाला येतंय, ते सोडतो. तुम्ही सिगारी ठेवता त्या डब्यातल्या आर्द्रतेच्या मीटरवर माझा विश्वास नाही. माझा ६५ टक्के दाखवायचा आणि मी निश्चिंत. कधीतरी मिठाची चाचणी केली. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करायचं, विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवायचं. ओल्या मिठाजवळची बंद हवा ७५ टक्क्यांवर टिकते, म्हणून सकाळी आकडा ७५ हवा. माझा ६६ वर, नऊने कमी! म्हणजे डब्यात ६५ दिसत असताना सिगारी ७४ टक्क्यांत भिजत पडल्या होत्या. ओलं पान नीट जळत नाही, मग आपण जोर लावून ओढतो, टोक तापतं आणि सगळा कडवटपणा तोंडात येतो.

चाचणीच्या आधी, मीटर घेतला त्याच दुकानात तक्रार घेऊन गेलो होतो. दुकानदाराने मीटर हातात घेऊन बघितलासुद्धा नाही. ‘माइल्ड अशीच लागते, स्ट्राँग घ्या,’ म्हणत महागडी पेटी पुढे केली. मी घेतली, आणि तीही त्याच डब्यात ठेवली. त्या पैशांचं अजून वाईट वाटतं.

डब्यात ६५ ची बोव्हेडाची पुडी (आर्द्रता ६५ टक्क्यांवर धरून ठेवते ती) टाका, दोन-तीन आठवडे हात लावू नका. मग मिनिटाला एखादाच झुरका. वरचं पान कनेक्टिकट शेडचं, म्हणजे सावलीत वाढवलेलं फिकट पान, असेल तर साय, भाजलेले शेंगदाणे, लाकडाचा वास असं हळूहळू कळतं. शेवटाकडे थोडी मिरी. माझ्या मते एकाच जातीच्या तीन ओढल्याशिवाय बरं-वाईट बोलूच नये. आणि झणझणीत मिसळ खाऊन तर माइल्ड पेटवूच नका, जीभ बधिर असते.

मी डॉक्टर नाही. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या कॅन्सरचा धोका असतोच, त्यामुळे जे ओढत नाहीत त्यांनी हे वाचून सुरू करू नये.

आज रात्री मीठ लावा. सकाळी आकडा कळवा, डबा केवढा तेही लिहा, म्हणजे पुड्या किती लागतील ते सांगतो.