जर्मनीत शिकायला गेल्यावर आधी बँकेत खाते उघडावे, की शहरात पत्त्याची नोंदणी करावी?

आधी पत्त्याची नोंदणी करावी, कारण पुढची बहुतेक कागदपत्रे तिच्यावरच अवलंबून असतात. जर्मनीच्या केंद्रीय नोंदणी कायद्याच्या कलम 17 नुसार घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ही नोंदणी करणे बंधनकारक आहे, आणि 1 नोव्हेंबर 2015 पासून त्यासाठी घरमालकाचे किंवा वसतिगृहाचे लेखी निवासपत्र (आपण तिथे राहायला आल्याची खातरजमा करणारे पत्र) द्यावे लागते. केवळ भाडेकरार पुरत नाही, आणि नवखे विद्यार्थी नेमके इथेच अडतात. म्हणून खोली ठरवतानाच, विशेषतः ती काही आठवड्यांपुरती असेल तर, हे पत्र मिळेल का ते स्पष्टपणे विचारावे. नोंदणीनंतर मिळणारे प्रमाणपत्र निवास परवान्याच्या अर्जाला लागते, अनेक बँकाही ते मागतात, आणि करक्रमांक त्याच पत्त्यावर टपालाने येतो, त्यामुळे पत्रपेटीवर आपले नाव लावायला विसरू नये (ही बाब क्षुल्लक वाटते, पण नाव नसेल तर पत्र परत जाऊ शकते). मात्र बर्लिनसारख्या मोठ्या शहरांत नोंदणी कार्यालयाची वेळ दोन आठवड्यांत मिळेलच असे नाही. अशा वेळी मिळेल ती पहिली वेळ राखून तिची पोच जपून ठेवावी. दरम्यान, काही बँका पारपत्रावर ऑनलाइन खाते उघडून देतात, ते उघडावे, म्हणजे ब्लॉक केलेल्या खात्यातील (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या आणि दरमहा ठरावीक रक्कमच देणाऱ्या खात्यातील) मासिक रक्कम अडकून पडत नाही.