एकांकिकेत माळवदावरचं ताऱ्यांचं आकाश कमी खर्चात कसं उभं करावं?

तुमची अडचण वाचताच डोळ्यांसमोर आली. शेवटचा प्रवेश माळवदावर, आजोबा आणि नात अंथरुणावर पडून आकाश बघतायत, रंगमंच वीस फुटांचा, हाताशी सहा हजार रुपये, आणि काळ्या पडद्यावर दिवाळीच्या एलईडी माळा सोडून पाहिल्या तर लग्नाचा हॉल दिसतोय. मी गेली अठरा वर्षं हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतोय आणि असं आकाश पाच-सहा वेळा उभं केलंय. माळा टाकून देऊ नका, त्यांतूनच काम होईल. आधी हात घालायचाय तो नटांवरच्या लाईटला.

त्याच्याही आधी दिग्दर्शकाला विचारून घ्या, की ही रात्र पौर्णिमेजवळची आहे की अमावास्येजवळची? संहितेत ‘टिपूर चांदणं’ असा शब्द असेल तर आकाशात चंद्र आहे, आणि चंद्र वर असताना फक्त ठळक तारे दिसतात. मग तुमचं काम ताऱ्यांचं नाहीच. एका बाजूने येणारा थंड, पांढुरका निळा लाईट आणि पाठीमागे पंधरा-वीस ठिपके, बस. पण नात तारे मोजत असेल, आकाश गच्च भरलेलं असेल, तर चंद्र नको. आणि चंद्र नाही तर माणसांची तोंडं कशाने दिसतायत, याचं उत्तर रंगमंचावर असायला हवं. माळवदाच्या कठड्याशी एक कंदील ठेवा, आत बॅटरीवरचा पिवळसर दिवा. त्या कंदिलाच्या बाजूच्या विंगेतून खालच्या उंचीवर एक अंबर (पिवळसर नारिंगी) स्पॉट मंद सोडला की चेहरे उजळतात आणि समोरच्या लाईटची गरज जवळजवळ संपते.

हा समोरचा लाईटच तारे मारतो. प्रेक्षागृहातल्या बारवरून, म्हणजे दिवे टांगायच्या आडव्या नळीवरून, येणारे स्पॉट नटांच्या अंगावरून पुढे जाऊन थेट मागच्या पडद्यावर पडतात. काळा पडदा तेवढ्याने राखाडी होतो आणि ताऱ्याची धार जाते. लोक मग तारे आणखी झगझगीत करतात, तिथून लग्नाच्या हॉलकडे वाट सुरू होते. समोरचे दिवे अगदी खाली आणा, पंधरा-वीस टक्क्यांवर. नटांना दोन्ही विंगांतून आडवा लाईट द्या. नट आणि पडदा यांत किमान सात-आठ फूट सोडा. आणि जमिनीकडे बघा. फिकट रंगाच्या लाकडी फळ्यांवरून लाईट उसळून पडद्यावर जातो. माळवद मातीचंच आहे, तेव्हा गडद तपकिरी जाजम अंथरलंत तर नेपथ्यही साधेल. आजोबांचं पांढरंशुभ्र धोतर हासुद्धा मोठा परावर्तक आहे. चहाच्या पाण्यात बुडवून ते जरा मळकट करून घ्या.

आता पडदा. साटीन किंवा चमक असलेलं कुठलंही कापड नको. मखमल सगळ्यात चांगली, कारण ती लाईट गिळते. परवडत नसेल तर जाड सुती कापड काळं रंगवून घ्या. तारे बसवताना पडदा टांगलेला नको, जमिनीवर पसरा. ही पायरी मी सगळ्यात जास्त जपतो. माणसाला ठिपके विखरून काढायला सांगितले की हात नकळत समान अंतर राखतो. पहिल्यांदा मी आणि दोन मित्रांनी रात्रभर बसून काळजीपूर्वक तारे लावले होते आणि पडदा वर गेल्यावर ते फरशीच्या नक्षीसारखे दिसले. तेव्हापासून मी मूठभर ज्वारी घेतो आणि पडद्याच्या एका कोपऱ्यातून भिरकावतो, पेरणीत बी फेकतात तशी. मग दुसऱ्या कोपऱ्यातून अर्धी मूठ. दाणा जिथे थांबला तिथे खडूची खूण करायची. काही ठिकाणी पाच-सहा दाणे एकमेकांना चिकटून पडतील, काही ठिकाणी दोन हात जागा रिकामी राहील. काहीही सारखं करू नका. खरं आकाश असंच असतं. वीस बाय बारा फुटांच्या पडद्याला दीड-दोनशे तारे भरपूर होतात.

बर्लिनमध्ये १८१६ साली कार्ल फ्रीडरिश शिंकेल या वास्तुरचनाकाराने मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’ ऑपेरासाठी ‘रात्रीची राणी’ या पात्राचं आकाश रंगवलं होतं. त्यात तारे घुमटाच्या फासळ्यांसारखे शिस्तीत, ओळींनी वर चढत जातात, आणि तिथे ते शोभतात, कारण ते एका राणीचं दरबारी आकाश आहे. तुमचं आकाश गावातलं आहे. तिथे एक जरी ओळ दिसली तरी प्रेक्षकाला पडद्यामागचा हात दिसेल.

खुणा झाल्या की माळा. तांब्याच्या तारेच्या बारीक एलईडी घ्या, पाच किंवा बारा व्होल्टच्या. खुणेवर जाड सुईने भोक पाडून मागून दिवा आत ढकला, नुसतं टोक पुढे येऊ द्या आणि मागून काळ्या चिकटपट्टीने दाबून टाका. दोन खुणांच्या मधे येणारे नको असलेले दिवे तिथेच मागे चिकटपट्टीखाली झाका. अर्धी माळ अशी वाया जाते, जाऊ द्या. त्यानंतर तेजाचं काम. ताऱ्यांच्या तेजाच्या प्रती असतात, पहिली सगळ्यात ठळक; उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सहाव्या प्रतीच्या ताऱ्यापेक्षा पहिल्या प्रतीचा तारा शंभर पट तेजस्वी असतो. तुमचे सगळे तारे एकाच तेजाचे असतील तर डोळा फसत नाही. दहा-बारा दिवे तसेच ठेवा, चाळीसेक दिव्यांवर काळ्या मार्करचा एक हात मारा, उरलेल्यांवर दोन. तीन-चार दिव्यांना पातळ नारिंगी काचरंग लावा, कारण रोहिणी आणि मृगातला काक्षी हे तारे तांबूस दिसतात.

ठळक आणि मंद तारे वेगवेगळ्या माळांवर ठेवा, म्हणजे ते वेगवेगळे चालू करता येतात. आणि माळांचा ॲडॉप्टर नाट्यगृहाच्या डिमरला अजिबात जोडू नका. दिवे फडफडतात, ॲडॉप्टर जळतो. सरळ लाईन घ्या आणि मंद-प्रखर करण्यासाठी एलईडी पट्टीला लावतात तो छोटा कमी व्होल्टचा डिमर विंगेत धरून बसा. दोनशे तीस व्होल्टचे दिवे कापडात शिवायचा विचारही नको.

शक्य असेल तर या पडद्यापुढे दीड-दोन फुटांवर काळ्या नेटचा (बारीक जाळीच्या कापडाचा) एक पडदा टांगा. माळांच्या वायरी, चिकटपट्टी, कापडाच्या सुरकुत्या सगळं नाहीसं होतं आणि ठिपक्याला खोली येते. माझ्याकडे निवडायला दोनच गोष्टींचे पैसे असतील तर मी मखमल सोडून सुती कापड आणि नेट घेईन.

आकाश कुठल्या महिन्यातलं आहे हेही ठरवा. थंडीतली गोष्ट असेल तर संध्याकाळनंतर मृग दाखवता येईल, तीन तारे सरळ रेषेत आणि त्यांच्या खाली डावीकडे व्याध. वैशाख-ज्येष्ठात माळवदावर झोपलेली माणसं असतील (आणि उन्हाळ्यातच माणसं वर झोपतात) तर मृग सूर्याच्या बाजूला असतो, रात्री दिसतच नाही. तेव्हा उत्तरेकडे सप्तर्षी वर असतात. ध्रुव दाखवणार असाल तर तो पडद्याच्या वरच्या टोकाला नको. पुण्यातून तो क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंशांवर दिसतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींपेक्षाही खाली. आजोबा बोट दाखवतात तेव्हा ते जवळजवळ कठड्यावरून जायला हवं. शंभरात चार जणांना हे कळेल. त्या चौघांसाठी मी हे करतो.

लुकलुक फार जपून वापरा. माळेसोबत येणाऱ्या आठ प्रकारांच्या बटणावर नुसतं ‘स्थिर’ ठेवा. खरे तारे चालू-बंद होत नाहीत, क्षितिजाजवळचे जरा जास्त थरथरतात एवढंच. आणि संवाद चालू असताना काहीही हललं की प्रेक्षक नटाला सोडून तिकडे बघतो.

प्रोजेक्टर सुचवणारे भेटतील. त्याचा काळा हा खरा काळा नसतो. अंधारात पडद्यावर राखाडी चौकोन दिसतो, म्हणून मी तो टाळतो. प्रकाशतंतूंचं आकाश मात्र फार देखणं, एका दिव्यातून शेकडो तारे आणि कापडात वीज नाही, पण पाऊण-एक मिलिमीटरचा एकेक तंतू ओवण्यात आठवडे जातात. व्यावसायिक नाटकाच्या शंभर प्रयोगांसाठी ठीक. पडद्याला भोकं पाडून मागून दिवा सोडायचा जुना उपायही करता येतो, फक्त दिवा थेट भोकांवर मारू नका. तो ज्याच्या डोळ्याच्या रेषेत येईल त्यालाच तारा दिसतो. मागे दोन-तीन फुटांवर पांढरी चादर टांगून लाईट तिच्यावर सोडा, मग मंद का होईना, पण सगळ्या खुर्च्यांवरून दिसतो.

प्रवेश बदलताना एकदम काळोख करून सगळे तारे एकदम लावू नका. उजेडातून आलेल्या डोळ्याला मंद तारे दिसत नाहीत. अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढी आपल्याकडे नाहीत, पण पहिला फरक काही सेकंदांत पडतो. म्हणून आधीचा प्रवेश शेवटची दोन मिनिटं हळूहळू उतरवत आणा. काळोखानंतर आधी ते दहा-बारा ठळक तारे येऊ द्या, मग मिनिटभरात बाकीचे, संध्याकाळी येतात तसे. नातीचं पहिलं वाक्य या मिनिटानंतर ठेवता येतंय का, दिग्दर्शकाशी बोला. मागे एकदा असं केलं तेव्हा प्रेक्षागृहात कुणीतरी हळूच ‘अगं बाई’ म्हणालं होतं, तो आवाज मला अजून आठवतो.

प्रयोग एकांकिका स्पर्धेत असेल तर मांडामांडीला मिनिटंच मिळतात, म्हणून पडदा आधीच एका लांब प्लास्टिकच्या पाइपाला नाड्यांनी बांधून ठेवा आणि न्यायला घडी न घालता त्याच पाइपावर गुंडाळा. घडीत माळांच्या वायरी तुटतात. एक जादा माळ आणि चिकटपट्टी विंगेत असू द्या. तालमीत पडदा लागला की तुम्ही स्वतः शेवटच्या रांगेत आणि मग दोन्ही कोपऱ्यांतल्या खुर्च्यांवर जाऊन बसा, आणि प्रेक्षागृहाच्या बाजूच्या दारांचे पडदे ओढले आहेत ना, तेवढं तिथूनच बघून घ्या.