फक्त टू-व्हील ड्राइव्ह असलेली थार घेण्यात अर्थ आहे का?

आहे, पण गाडी कुठे फिरणार ते आधी पक्कं करा. खड्डे, कच्चा रस्ता, घाट, गावाकडची दगडगोट्यांची वाट, इथे खरी कामाला येते ती गाडीची जमिनीपासूनची उंची, आणि ती टू-व्हील ड्राइव्हमध्येही (म्हणजे इंजिनाचा जोर दोनच चाकांना) मिळतेच. महिंद्राने जानेवारी 2023 मध्ये मागच्या चाकांवर चालणारी थार आणली, तीही 1.5 लिटर डिझेलमध्ये. लांबी चार मीटरच्या आत, इंजिन 1500 सीसीच्या आत, म्हणून कर कमी आणि किंमतही आटोक्यात.

खरी परीक्षा चिखलात. काळ्या मातीत मागचं एक चाक रुतलं की ते जागच्या जागी गरगर फिरतं, कोरड्या जागेवरच्या दुसऱ्या चाकाला पुरेसा जोर पोचत नाही. डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारा भाग) लॉक होत असेल, म्हणजे दोन्ही चाकं एकत्रच फिरत असतील, तर बरंच निभावतं. पण फोर-बाय-फोरमधला (चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीतला) लो-रेंज गिअर, म्हणजे गाडी अगदी हळू पण जोरात चालवणारा गिअर, इथे नसतो, त्यामुळे तीव्र उतारावर जास्त भार ब्रेकवर येतो.

शहर आणि अधूनमधून गड-किल्ल्यांचे पायथे एवढंच असेल तर बिनधास्त घ्या. भर पावसात रोज शेतावर जायचं असेल तर मात्र जास्तीचे पैसे मोजून फोर-बाय-फोरच घ्या.